उभे पीक : निरंक

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी साहेब,
'हिरवे अंगण' सामूहिक भाजीबाग योजना,
विभागीय कक्ष, अमरावती.

अर्जदार : सौ. सत्यभामाबाई शालिकराम मेहरे, वय ६३ वर्षे, रा. मोहरकर ले-आउट क्र. २, भातकुली रोड, अमरावती.

विषय : मोहरकर ले-आउट येथील भाजीबागेचा अनुदान प्रस्ताव नामंजूर झाल्याने फेरपाहणी होणेबाबत, तसेच ती फेरपाहणी कशी करावी याबाबत.

संदर्भ : १) आमचा प्रस्ताव, दि. ४ नोव्हेंबर २०२४.
२) आपल्या पथकाची स्थळपाहणी, दि. १२ डिसेंबर २०२४.
३) आपले नामंजुरीचे पत्र, दि. ३० डिसेंबर २०२४.

महोदय,

१. अर्जदार सत्यभामाबाई यांना वाचता येते, सही येते, आणि बोलायला तर कोणाचीच मदत लागत नाही. तरी कचेरीची भाषा आपल्याला पेलणार नाही असे ठरवून त्या तहसीलसमोर लिंबाखाली बसणाऱ्या अर्जनवीसाकडे आल्या व सुमारे तीन तास बोलल्या. त्यातले कामाचे तेवढे ठेवायचे आणि बाकी गाळायचे, असा या धंद्याचा रिवाज आहे. परंतु बाईंनी प्रत्येक परिच्छेद वाचून घेतला व गाळलेले सगळे परत घालायला लावले. अर्ज लांबला आहे तो यामुळे, लिहिणाऱ्याच्या हौसेमुळे नाही.

२. अर्जदार यांचा मोझरीजवळच्या गावात भाजीचा मळा होता. चाळीस वर्षे त्यांनी वांगी, मेथी, पालक काढला आणि बाजारात बसून विकला. मग यजमान शालिकराम यांचे गुडघे गेले, मळा पुतण्याला मक्त्याने दिला, आणि दोघे मुलाकडे, म्हणजे सागरकडे, अमरावतीत राहायला आले. घर चांगले आहे. सून प्रतीक्षा लाखात एक आहे (हे वाक्य बाईंनी दोनदा वाचून घेतले). अडचण एकच झाली. गावात असताना बाई कोणाच्या घरी रिकाम्या हाताने कधी गेल्या नव्हत्या. इथे हातात न्यायला काही नाही, म्हणून पहिले वर्षभर त्या कोणाकडे गेल्याच नाहीत. ले-आउटमध्ये त्यांचे नाव कोणाला ठाऊक नव्हते, सगळे 'सागरची आई' म्हणत. शहरात याला एखाद्या रोगाचे नाव असेल, आमच्याकडे याला नुसते वाईट वाटणे म्हणतात, आणि ते बाईंना रोज वाटत होते.

३. ले-आउटच्या मध्यभागी मोकळी जागा आहे. तिच्यावर 'उद्यानासाठी राखीव' असा फलक असून फलकाखाली पंधरा वर्षे गाजरगवताचे उद्यान होते. अर्जदार यांनी दोन वर्षांपूर्वी कोणाला न विचारता तिथे एक वाफा पाडला. मेथी वर आल्यावर शेजारच्या चंदाताई गावंडे यांनी, 'बुढीले येते तं मले काहून नाई येनार' असे म्हणून दुसरा पाडला. आज बावीस घरांचे बावीस वाफे आहेत. आमच्या भागातले बोअरचे पाणी खारे. त्यावर भाजी काय, मनुष्यस्वभावही टिकत नाही. म्हणून बाया घरच्या नळाचे पाणी बादलीने वाहतात. प्रस्तावात मागितले होते ते एवढेच, की नळजोडणी मिळावी, एक टाकी मिळावी आणि डुकरांसाठी कुंपण मिळावे. डुकरांसाठी म्हणजे डुकरांविरुद्ध.

४. हे अनुदान न मिळाल्यास काय होणार तेही नमूद करणे भाग आहे. ले-आउटमधील ज्यांच्याकडे दोन-दोन गाड्या आहेत त्यांनी त्या जागेवर सिमेंटचे गट्टू टाकून गाड्या उभ्या करण्याचा ठराव करून ठेवला आहे. योजनेत बाग बसली तर ठराव रद्द, न बसली तर २० जानेवारीपासून गट्टू, असे ठरले आहे. म्हणजे या अर्जाच्या तारखेपासून अकरा दिवस उरले. वांग्याला तेवढ्या दिवसांत दोन तोडे येतात.

५. 'स्थानिक पाठिंबा' या रकान्यासाठी आपण रहिवाशांच्या सह्या मागितल्या होत्या. अर्जदार दारोदार फिरल्या, हातात मेथीच्या जुड्या घेऊन, आणि चौसष्ट घरांपैकी चौसष्ट घरांच्या सह्या मिळाल्या. हा आकडा पाहून आपल्याला शंका आली असल्यास ती रास्त आहे. कारण गट्टूंच्या ठरावावरही चौसष्टच सह्या आहेत आणि त्या त्याच माणसांच्या आहेत. दारात आलेल्या माणसाला उन्हात उभे ठेवून नाही म्हणणे आमच्याकडे जमत नाही. खुद्द अर्जदार यांनीही गट्टूंवर सही केली आहे. सही मागायला आलेला पोरगा चांगल्या घरचा होता आणि त्याच्याकडे पेनही त्याचाच होता, असे त्यांचे म्हणणे आहे.

६. आता पाहणीचा विषय. मंगळवारी, १० डिसेंबरला पथक येणार, असे आपल्या कक्षाने कळवले. सून प्रतीक्षा हिने सभा घेऊन सांगितले की बाग भरलेली दिसली पाहिजे, सबब पथक येईपर्यंत कोणीही काहीही तोडू नये. या बंदीची अंमलबजावणी अर्जदार यांनी अंगावर घेतली. त्या हातात काठी घेऊन बसल्या. आठ दिवस त्यांच्या स्वतःच्या घरी पोह्यांवर सांभार पडला नाही, म्हणजे साहेब, कोथिंबीर. शालिकराम यांनी एक काडी मागितली, तर त्यांना सरकारी काम आहे असे सांगण्यात आले. मंगळवारी पथक आले नाही. बुधवारीही आले नाही. तोवर बाग अशी लदबदली होती की वांग्याच्या झाडांना टेकू द्यावे लागले. ज्यांनी ती बाग बुधवारी संध्याकाळी पाहिली ते सगळे लोक हयात असून शपथेवर सांगायला तयार आहेत.

७. गुरुवारी दुपारी एक वाजता पथक आले. पथक म्हणजे पाहणी अधिकारी श्री. विपुल नाईकनवरे आणि जीपचे चालक पुंजाराम. वाटेत टायर बसला होता, दोघेही धुळीने माखले होते. प्रतीक्षाने त्यांना आधी घरात नेले. चहा, कच्चा चिवडा, पुन्हा चहा. यात पाऊण तास गेला. पुढील सर्व प्रकार त्या पाऊण तासात घडला आहे.

८. साहेब, आपण या भागात नवीन आहात असे कळते, म्हणून खुलासा करतो. आमच्याकडे वानोळा म्हणून रीत आहे. नवे पीक निघाले की पहिला वाटा पाहुण्याच्या घरी जातो, शेजाऱ्याच्या घरी जातो, आणि उरले तर घरी येतो. पाहुणा दारातून कोरडा गेला तर गाव त्याला काही म्हणत नाही, यजमानाला म्हणते. अर्जदार यांनी बंदी स्वतः घातली होती व स्वतः राखली होती. तरी जीप उभी पाहून त्यांचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. त्यांनी पाठीमागच्या झाडाची फक्त चार वांगी तोडली, पुढून दिसणार नाहीत अशी, आणि गुपचूप जीपच्या मागच्या भागात ठेवली. पहिला हात आपलाच लागला हे त्या कबूल करतात. त्यांचे शब्द जसेच्या तसे : "पाहुना एवढ्या दुरून आला, रिकामा जाईन का? लोक काय म्हनतीन मले?"

९. चंदाताईंनी हे खिडकीतून पाहिले. सत्यभामाबाईंची चार वांगी, तर आपली पाच नकोत का, म्हणून त्यांनी पाच वांगी आणि मेथी ठेवली. त्यांचे पाहून तिसरीने टमाटे. टमाट्यांवर कोणी नुसता पालक ठेवत नाही, म्हणून चौथीने पालकासोबत दोन दुधी. बावीस घरांत बावीस बाया आणि प्रत्येकीला आपण एकटीच हे करत आहोत असे वाटत होते. सर्वांत शेवटी आलेल्या बाईच्या वाफ्यात ओला हरभरा होता, तो अजून भरला नव्हता, तरी तिने तो मुळासकट उपटून पोत्यात बांधला. जीप ओझ्याने खाली बसली तेव्हा काम थांबले.

१०. त्यानंतर श्री. नाईकनवरे हे हातात तक्ता व मोबाइल घेऊन जागेवर आले. जागेवर बावीस वाफे होते. वाफ्यांत दांडे होते. एक दुधी राहिला होता, तोही चंदाताईंनी साहेबांच्या मागून चालता चालता तोडला. साहेबांनी रकाना क्र. ४ मध्ये लिहिले, 'उभे पीक : निरंक.' अर्जदार यांची त्याबद्दल तक्रार नाही. साहेबांच्या डोळ्यांना जे दिसले ते त्यांनी लिहिले, यापेक्षा सरळ माणूस कसा असतो.

११. तक्रार असलीच तर आमच्याच तोंडाबद्दल आहे. साहेबांनी सभासदांना एकेक करून विचारले की बाग कशी आहे. भातकुलीकडे ज्यांची आठ एकर कपाशी आहे असे रामराव इंगोले म्हणाले, "कायची बाग साहेब. या जाग्यात दगड पेरला तं दगडई वाळून जाईन." चंदाताई म्हणाल्या, "नावाले आहे. घरी खायाले मिरची नाई निघत." अर्जदार यांना विचारले, तर त्या म्हणाल्या, "काई खरं नाई. बुढीचा टाइमपास आहे." येथेही खुलासा आवश्यक आहे. वऱ्हाडात पीक कसे आहे असे विचारल्यावर बरे आहे असे कोणी सांगत नाही. नजर लागते, आभाळ ऐकते, आणि व्यापारी तर ऐकतोच. सोळा आणे पिकले त्या वर्षीही आमचा माणूस आठ आण्यांच्या वर बोलत नाही. पीक झकास आहे असे मोठ्याने म्हणणारा एकतर पुढारी असतो नाहीतर बियाणे विकणारा. श्री. नाईकनवरे हे पश्चिमेकडचे आहेत, त्यांनी शब्द खरे धरले. रकाना क्र. ६ मध्ये नोंद आहे, 'रहिवासी बागेबाबत अत्यंत निराश आढळले. स्थानिक पाठिंबा नाही. झाडांची अवस्था पाहता सभासदांनीच बाग उद्ध्वस्त केल्याचा संशय येतो.' संशय खरा आहे, कारण तेवढे वेगळे आहे.

१२. जीपचे पुढे काय झाले ते पुंजाराम यांनी नंतर स्वतः येऊन सांगितले, कारण त्यांना पोते परत द्यायचे होते. नाईकनवरे साहेबांना वाटले की पुंजारामने कामाच्या वेळेत आठवड्याचा बाजार केला, म्हणून ते रागाने गप्प बसले. पुंजारामला वाटले की साहेबांनीच भाजी घेतली, म्हणून तो आदराने गप्प बसला. कक्षापर्यंत दोघेही एक शब्द बोलले नाहीत. तिथे जीप कोणी रिकामी करेना. शेवटी कर्मचाऱ्यांनी ती पुंजारामची भाजी समजून वाटून घेतली. तेव्हा सदर पीक पथकाला वाफ्यात दिसले नसले तरी आपल्या कक्षातील सुमारे अठरा जणांना ते ताटात दिसले आहे. वांगी कडू नव्हती ना, एवढे अर्जदार यांना जाणून घ्यायचे आहे.

१३. नामंजुरीचे पत्र आल्यावर अर्जदार समक्ष खुलासा करण्यासाठी २ जानेवारीला आपल्या कक्षात आल्या. येताना अर्थातच टोपले घेऊन आल्या. भिंतीवर लाच घेणे-देणे गुन्हा असल्याचा फलक होता, तो त्यांनी वाचला आणि त्याचा आपल्याशी संबंध आहे असे त्यांना वाटले नाही. आवक-जावकच्या ताईंना मात्र वाटले. त्यांनी टोपले नोंदवहीत चढवून रीतसर परत केले. नोंद अशी आहे : आवक, वांगी दोन किलो, मेथी सहा जुड्या, सांभार. जावक, वांगी दोन किलो, मेथी पाच जुड्या, सांभार. मधल्या एका जुडीबाबत अर्जदार यांचे काही म्हणणे नाही. म्हणणे इतकेच की आमच्या बागेत भाजी पिकते असे सांगणारा सरकारी कागद जगात हा एकच आहे, आणि तो आपल्याच शिक्क्याचा आहे.

१४. राहिला स्थानिक पाठिंबा. ४ जानेवारीला गट्टूवाल्या ठेकेदाराचा माणूस जागा मोजायला आला. एकट्याला टेप धरता येईना, म्हणून रामराव मदतीला धावले. त्यांनी टेपचे एक टोक धरले आणि मोजणी होईपर्यंत 'बाग बेकार आहे, लवकर गट्टू टाका' असे ते सांगत होते. मोजणी चार वेळा झाली आणि चार वेगळी मापे आली. पाचव्या वेळी रामराव टोक घेऊन भातकुली रोडपर्यंत गेले. ठेकेदाराचा माणूस डोके धरून निघून गेला, जाताना त्याच्या हातात दोन मुळे होते. आता याला तक्त्यात कोणता रकाना आहे ते आपणच सांगावे.

१५. सबब फेरपाहणी व्हावी, व ती पुढीलप्रमाणे व्हावी ही विनंती.
(अ) आधी जागा पाहावी, मग चहा घ्यावा. आग्रह होईल. बळी पडू नये.
(आ) जीप नाक्यावर उभी करून कुलूप लावावे.
(इ) तारीख अर्जदार यांना अजिबात कळवू नये. कळली तर त्यांच्याने राहवणार नाही, हे त्या स्वतःच लिहून देत आहेत.
(ई) बाग कशी आहे, असे कोणालाही विचारू नये. विचारायचेच झाल्यास 'हे उपटून टाकू का?' असे विचारावे, आणि विचारताना दोन पावले मागे उभे राहावे.

१६. येथे अर्ज संपला असता. परंतु आपल्या पत्रात म्हटले आहे की पुन्हा अर्ज करताना अट क्र. ७ चे हमीपत्र जोडावे, म्हणजे, 'बागेतील उत्पादन फक्त नोंदणीकृत सभासदांनाच देण्यात येईल, अन्य कोणासही विनामूल्य देण्यात येणार नाही.' अर्जनवीसाने ते टाइप करून बाईंसमोर ठेवले. बाईंनी पेन उचलला, वाचले आणि पेन खाली ठेवला. म्हणाल्या, "बाकी सारं लिवून देतो. हे नाई देत." त्यांना समजावले की हमीपत्र नाही तर अनुदान नाही, अनुदान नाही तर वीस तारखेला गट्टू. त्यावर त्या म्हणाल्या, "कोनाले द्यायचंच नाई, तं मंग मले बाग कायले पायजे?"

१७. तीस वर्षांत अर्जनवीसाने हजारो हमीपत्रे लिहिली, न वाचता सह्या होताना पाहिल्या, आणि मोडतानाही पाहिल्या. सही करून मग काय करायचे ते करा, असा सल्लाही त्याने दिला, कारण सगळे तेच करतात. बाईंनी त्याच्याकडे असे पाहिले की तो सल्ला त्याने मागे घेतला आहे. मग त्या उठून घरी गेल्या. अर्ज तसाच अर्धा राहिला.

१८. आज सकाळी त्या परत आल्या, हाताला माती होती. त्यांचे म्हणणे असे. अट मोडायची नाही. सभासदांनाच द्यायचे, तर ज्यांना द्यायचे आहे त्यांना सभासद करून घ्यावे. त्याप्रमाणे काल संध्याकाळी ले-आउटमधील उरलेली बेचाळीस घरे सभासद झाली, गाड्यांवाली धरून. सही मागितल्यावर त्यांनी ती नेहमीप्रमाणे दिली. पुंजारामला फोन करून सभासद केले. ठेकेदाराचा माणूसही झाला आहे. हमीपत्रावर बाईंनी आज सकाळी सही केली आणि ती हमी पाळण्याचा त्यांचा पूर्ण इरादा आहे. यादीत आता एकाच माणसाची सही कमी आहे.

१९. ती आपली आहे. नुसते नाव लावून सभासद करणे बाईंना पटत नाही, सभासदाला वाफा पाहिजे. म्हणून पहाटे उठून त्यांनी वाफा क्र. २३ आपल्या नावाने पाडला आहे, त्यात शेणखत घातले आहे आणि पहिले पाणी दिले आहे. तो तूर्त रिकामा आहे. त्यात काय पेरायचे ते आपण कळवावे. पंधरा तारखेपर्यंत आपले उत्तर आले नाही तर त्यात मेथी टाकण्यात येईल, कारण ती लवकर उगवते आणि उगवलेल्या वाफ्यावर गट्टू ठेवायला कोणी हात उचलत नाही, असा बाईंचा अनुभव आहे.

आपल्या वाफ्याला तूर्त पाणी घालणारी,

(सही)
सत्यभामा शालिकराम मेहरे

अमरावती, दि. ९ जानेवारी २०२५.

अर्ज लिहून देणार : भगवंत तायडे, अर्जनवीस. (लिहिणावळ मिळाली. शिवाय दोन किलो वांगी. नाही म्हणता आले नाही.)

सहपत्रे :
१. नामंजुरीच्या पत्राची प्रत.
२. आपल्या आवक-जावक नोंदवहीतील उतारा, शिक्क्यासह.
३. अट क्र. ७ चे हमीपत्र, सही केलेले.
४. सभासदत्वाचा अर्ज, वाफा क्र. २३. नाव भरले आहे. सहीची जागा कोरी.